पाणी सोडायचा धडा

कुंदा,

तू गेल्यावर भेटायला आलेल्या बायका मला विचारत होत्या, "तुमची नणंद कॉलेजात शिकवे तरी काय व?" मी म्हणायची, "द्राक्षं." त्या पुढचं ऐकायला थांबायच्या. पुढचा शब्द माझ्या तोंडातून निघत नव्हता. वाईन. तू तो शब्द पाण्याच्या घोटासारखा बोलायचीस आणि मी इतक्या वर्षांत एकदाही बोलले नाही, तुझ्यासमोर नाही आणि तुझ्यामागंही नाही. तू हसायचीस. "वैनी, नाव घेतल्यानं चढत नाही व," म्हणायचीस. आता इथं लिहिला. कोणी पाहणारं नाही म्हणून लिहिला.

मी या घरात नांदायला आले तेव्हा तू शाळेत जात होतीस. माझी शाळा चौथीत सुटली होती. संध्याकाळी मी तांदूळ निवडायला बसले की तू माझ्या पाठीला पाठ लावून बसायचीस आणि मोठ्यानं धडे वाचायचीस. माझ्या पाठीला तुझा आवाज कळायचा, कानाच्या आधी. बेडकाचं हृदय, पानातला हिरवा रंग, असलं काय काय माझ्या पाठीतून आत गेलं आहे. ते मला कोणाला सांगता येणार नाही, पण आहे.

नाशिककडून शिकून आलीस तेव्हा ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या काड्या घेऊन आलीस. तुझ्या दादांनी पोतं उघडून पाहिलं. "एवढं शिकून सरपण आनलं का व?" म्हणाले. तू रागावली नाहीस. "दादा, मले बरडी दे," म्हणालीस. कारधा गावाच्या पुढं, नदीपासून उंचावर आपली ती लाल मुरमाची जमीन, जिथं धान कधी धड आलं नाही. तुला कॉलेजात द्राक्षांचा वर्ग काढायचा होता, पण कॉलेजजवळची सगळी जमीन काळी आणि चिखलाची होती, तिथं वेल जगणार नव्हती. आणि बाग नसेल तर विद्यापीठ वर्गच काढू देणार नव्हतं. दादांनी एका शब्दावर बरडी दिली. कागद नाही, काही नाही. बहिणीनं मागितलं, भावानं दिलं.

त्या काड्यांना पानं फुटली ते मी रोज जाऊन पाहायची. तारांवर हात टाकत वेली चढल्या. पण खरं नवल पुढं होतं. दसऱ्यानंतर तू कात्री घेऊन आलीस आणि हिरव्यागार वेली सपासप कापायला लागलीस. मी ओरडलेच. "काहून मारून राहिली?" तू म्हणालीस, "मारून नाही राहिली. याले गोडी छाटणी म्हणतात. आता कापलं नाही तर फळ येनार नाही." मी त्या उघड्या पडलेल्या काड्यांकडे बघत बसले. आपण धान कापतो ते त्याचं काम संपल्यावर. तू कापून सुरुवात करत होतीस. मला त्या दिवशी तुझी थोडी भीती वाटली, कुंदा. देवळात गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी वाटते तशी.

पण मी पुढचं आधी सांगितलं. त्या छाटणीच्या आधी पाण्याचं झालं होतं. ते सांगितल्याशिवाय आजचं सांगता येणार नाही.

लावणीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात तू अभ्यासक्रमाच्या बैठकीसाठी विद्यापीठात गेलीस आणि तिथून तशीच कसल्याशा प्रशिक्षणाला गेलीस. इकडं पाऊस अडून बसला होता. धानाच्या रोवण्या थांबल्या होत्या, माणसं आभाळाकडं बघून थकली होती. मग तो आला. तुझे दादा आपल्या धानाआधी तुझ्या वेली पाहायला गेले. तू ओळींमधून नाल्या खणून ठेवल्या होत्या, त्यातून पाणी नदीकडं पळत होतं. धान करणारा माणूस सगळं सोसेल, पळतं पाणी सोसणार नाही. त्यांनी नाल्यांची तोंडं चिखलानं बुजवली, चारी बाजूंना माती चढवून धुरे उंच केले आणि बरडीची पाणी धरणारी धानाची बांधी करून टाकली. खाली कडक थर, पाणी मुरेना. तुझ्या वेली पोटरीभर पाण्यात उभ्या राहिल्या. दादा रोज सकाळी जाऊन धुऱ्याला कुठं पाझर तर नाही ना, पाहायचे. स्वतःच्या बांधीचंही एवढं केलं नाही त्यांनी.

तू परत आलीस तेव्हा ते तुला घरी पाणीसुद्धा न पिऊ देता तिकडं घेऊन गेले. मी मागून गेले.

"पाह्य," दादा म्हणाले, "एक थेंब जाऊ नाही देला तुह्या येलीचा."

तू थैली माझ्या हातात दिलीस. सलवार गुडघ्यापर्यंत ओढलीस, पाण्यात उतरलीस आणि दोन्ही हातांनी नालीच्या तोंडाचा चिखल उपसायला लागलीस.

"अव, काय करून राहिली? सोन्यासारखं पानी सोडून राहिली!"

"दादा, मुळं बुडाली रे. याईले श्वास घेऊ दे."

पाणी सुटलं तसा दादांचा चेहराही उतरत गेला. वेली पिवळ्या पडल्या. उपटून पाहिलं तर मुळं काळी, साल बोटांत निघून येत होती. दादा दोन वेळा ताटावरून तसेच उठले. मला वाटलं, आता तू काहीतरी बोलशील आणि ते या घरात कायमचं राहील. तू काय बोललीस? चुलीजवळ येऊन बसलीस आणि म्हणालीस, "दादा, तुह्या हाताले पानी सोडता येत नाही अन् माह्या हाताले अडवता येत नाही. दोघं मिळून एक शेतकरी होऊ." आणि त्यांच्या ताटातली भाकर तोडून खायला लागलीस. मग ते जेवले. पुढच्या हंगामात तू नव्या काड्या लावल्यास; कात्रीनं छाटल्यास त्या या दुसऱ्या वेली.

ती काळी मुळं तू थैलीत घालून जपलीस आणि पहिला वर्ग भरला तेव्हा कॉलेजात घेऊन गेलीस. टेबलावर ठेवलीस आणि म्हणालीस, ही आमच्या घरची चूक आहे. पुस्तकात ती सापडणार नाही, कारण पुस्तकं जिथली आहेत तिथं पाणी आणावं लागतं, आपल्याकडं ते सोडावं लागणार आहे. हे मला मनीषानं सांगितलं, तुझ्या पहिल्या वर्गातल्या, सिहोरा गावच्या मुलीनं. दुसरी माणसं घरची चूक झाकतात. तू तिचा धडा केलास. खरंच धडा केलास, पहिला. दरवर्षी नवीन वर्ग आला की पावसात बरडीवर यायचा, दादा त्यांना धुरा घालून पाणी कसं धरायचं ते दाखवायचे आणि मग ते कसं सोडायचं ते. त्या दिवशी दादा केसांना तेल लावायचे. पोरं त्यांना "दादा सर" म्हणायची. "पानी अडवाची अक्कल बापानं देली," ते सांगायचे, "सोडाची अक्कल बहिनीनं देली." पोरं हसायची, हे मात्र हसायचे नाहीत.

विद्यापीठाची माणसं तपासायला आली तेव्हा त्यातल्या एकानं विचारलं होतं म्हणे, या धड्याला गुण किती? तू म्हणालीस, "यात नापास झालं की वेल मरते, सर." आणि चहा पुढं केलास.

हळूहळू वाढलं सगळं. आधी नुसती लागवड शिकवायची परवानगी होती. रस काढा, बेदाणे वाळवा, पण आंबवायचं नाही. तेव्हाही गावात नाव पडलंच, "कुंदाचा दारूचा बगीचा." पाण्यावर जाताना बायका मला विचारायच्या, "काय व, अवंदा किती बाटल्या पिकल्या?" मी घागर डोक्यावर घेऊन खाली बघत निघून यायची. मनीषाचा बाप आपल्या अंगणात येऊन उभा राहिला होता, आठवतं? "मॅडम, पोरीले दारू गाळाले शिकवता का?" मी आत दाराआड. तू त्याला खाट दिलीस. म्हणालीस, "गाळाले नाही भाऊ. कुठं थांबवाचं, ते शिकवतो." तो बराच वेळ बसला. जाताना म्हणाला, "थांबवाचं शिकवत असान, त शिकवा." आज त्याची पोरगी कॉलेजात तुझ्याच खोलीत शिकवते.

मग आंबवायचीही परवानगी आली, थोड्याशा रसाची, शिकण्यापुरती. तू मला हट्टानं कॉलेजात नेलंस. खोलीत मोठ्या काचेच्या बरण्या होत्या, आत जांभळा रस. "कान लाव," म्हणालीस. मी कान लावला. आत कोणीतरी हळू बोलत होतं. पेजेला कढ यायच्या आधी येतो तसला आवाज. चूल नाही, जाळ नाही आणि रस उकळत होता. तू माझा हात धरून बरणीवर ठेवलास. गरम. ताप आलेल्या लेकराच्या अंगासारखी गरम. "हे कोण करते व?" मी विचारलं. तू म्हणालीस, "जिवंत आहेत त्यात, डोळ्याले दिसत नाहीत एवढे लहान. साखर खातात अन् काम करतात." तुझा चेहरा तेव्हा कसा होता सांगू? ज्यानं पहिल्यांदा पाहिलं त्याच्यासारखा. तू तर कितीदा पाहिलं होतंस.

आणि मी हात काढून घेतला. कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. माझ्या माहेरी, पवनीकडं, गोठ्यामागं पुरलेल्या मडक्यात दारूसाठी आंबत घातलेला मोहाचा सडवा असाच बोलायचा. माझा मोठा भाऊ त्या दारूनं गेला. तू लहान होतीस, पण तो गेल्यावर मला माहेराहून आणायला दादांसोबत तूच आली होतीस. तुला माहीत होतं.

तिथून आपला वाद सुरू झाला तो संपलाच नाही. मी कोणाशी भांडत नाही. तुझ्याशी भांडायची.

"त्याईनं काय पेलं, किती पेलं, कोनाले मालूम होतं वैनी? माहे पोट्टे थेंब न् थेंब मोजतात."

"मोजून पेली तरी दारू दारूच."

"मंग सुरीनं मानूस मरते, म्हून तू भाजी कापनं सोडशीन का?"

"सुरी मांगत नाही ना व, अजून एक काप म्हून."

या वाक्यावर तू माझ्याकडं वळून बसलीस. मग म्हणालीस, "हे माह्या पोरांसमोर बोल. मी सांगतो ते अर्धं आहे, तू सांगतेस ते अर्धं." दरवर्षी बोलवायचीस. मी दरवर्षी स्वयंपाक काढून बसायची. चार पोरांसमोर उभं राहायचं म्हटलं की माझे पाय गार पडतात, तुला ठाऊक.

दवाखान्यात शेवटी शेवटी तुला बोलायला दम पुरत नव्हता, तरी तुला तेच सुचलं. "वैनी, पोट्ट्याईनं यंदा चांगली केली. जिभेले लावून पाह्यशीन?" मी म्हणाले, "बरी होऊन घरी चाल, मंग पाहू." तू डोळे मिटून हसलीस. तुला कळलं होतं की मी नाही म्हणते आहे. मलाही कळलं होतं की तू घरी येणार नाहीस. दोघींनी एकमेकींना तसंच राहू दिलं.

तेरवी झाली आणि तुझे दादा म्हणाले, "बगीचा काढून टाकतो."

मनीषा समोरच बसली होती. यंदाच पहिल्यांदा पूर्ण पदवीचा वर्ग भरला आहे. ज्यासाठी तू इतकी वर्षं विद्यापीठाच्या पायऱ्या झिजवल्यास, त्या वर्गाला तू थोडेच दिवस शिकवलंस. ती कशीबशी म्हणाली, "दादा सर, बाग नसली तर वर्ग बंद करतील."

"करू दे," ते म्हणाले. "एकदा माह्या हातानं मेल्या त्या. तवा ती होती, पुन्हा लावल्या. आता चुकलो, त कोन लावन? माह्या हातानं दुसऱ्यांदा मराव्या का? त्यापरीस मीच काढतो."

मनीषानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. गावात सगळ्यांना वाटत होतं की वेली गेल्या तर मला सुटल्यासारखं होईल. मलाही वाटायला हवं होतं. पण मला रात्रंदिवस ती गरम बरणी आठवत होती. आवडत नसलेल्या गोष्टीपुढंही हात जोडावेसे वाटतात, हे मला तुझ्यामुळं कळलं, कुंदा, आणि ते मला कुठं ठेवावं ते कळत नव्हतं.

मग परतीचा पाऊस लागला. सकाळी मी बरडीवर गेले तर वेलींच्या बुडाशी पाणी. तू आजारी पडल्यापासून नाल्यांत गवत माजलं होतं, कोणी काढलं नव्हतं. दादा घरीच भिंतीकडं तोंड करून बसलेले. मी परत आले, फावडं घेतलं. ते म्हणाले, "कुठी चालली?"  आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या प्रश्नाला उत्तर न देता बाहेर पडले.

नालीचं तोंड उकरायला लागले. मला कुठं येतं? मी वरच्या अंगानं खणत होते, चिखल पुन्हा आत घसरत होता. खांद्यावरचा पदर चिखलात, फावडं बोटावर आपटलं. थोड्या वेळानं धुऱ्यावर पाय वाजले. ते येऊन उभे होते.  मी खणत राहिले, चुकीचंच. त्यांना ते बघवेना.

"असं नाही व," ते म्हणाले. "वरून नोको. पानी खालून बोलवा लागते."

"मंग दाखवा ना जी," मी म्हणाले. "पहिला धडा कोनाले येते इथी?"

 मी आणखी बोलले, कसं बोलले मला माहीत नाही. "तिची दारू मले कधी नाही पटली, अन् पटनारही नाही. पन तिच्या येली तुमच्या हातानं मेल्या नव्हत्या जी. तुमच्या मायेनं मेल्या होत्या. त्यावर तिनं शाळा बांधली. ते तुमी उपटता का?"

त्यांनी माझ्या हातातून फावडं घेतलं. खालच्या टोकाला गेले, दोन घाव घातले आणि पाणी एकदम वळलं. पळालं. नदीकडं पळणाऱ्या त्या पाण्याकडं बघत ते रडले. तू गेल्यावर पहिल्यांदा. मी त्यांच्याजवळ चिखलातच बसले.

आज गोडी छाटणी झाली. वर्गातली सगळी पोरं आली होती. शेजारच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "घरात मरण झालं अन् हिरव्या झाडाले कात्री लावता?" दादा म्हणाले, "हे आमच्या कुंदाचं शास्त्र आहे, कापल्यावरच फळ येते." केसांना तेल लावलेलं होतं.

मनीषानं कात्री माझ्या हातात दिली. पोरं गोल करून उभी राहिली. माझे पाय गार पडले, पण मी पळाले नाही. तुझं उरलेलं अर्धं मी सांगितलं. माझ्या भावाचं नाव घेतलं आणि सुरीचं ते वाक्य बोलले. तेवढंच. आवाज मागच्या पोरांपर्यंत गेला की नाही, मला माहीत नाही. कोणी हसलं नाही. एका मुलीनं मान खाली घातली, बहुतेक तिच्याही घरात कोणी असावं.

मग मी काडी कापली. कोंब फुटतो त्या डोळ्याच्या थोडं वर, तिरकी, तू कापायचीस तशी. कापल्या जागी हळूहळू पाण्याचा एक थेंब आला. मी घाबरले. मनीषा म्हणाली, "काकू, मुळं जागी आहेत, म्हणून वर आलं ते. मॅडम म्हणायच्या, हे दिसलं की निर्धास्त व्हायचं." थेंब मोठा झाला, चमकायला लागला. पोरं पुढच्या वेलीकडं सरकली होती, माझ्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. मी तो बोटावर घेतला आणि जिभेला लावला.

"काकू! छाटल्यावर इथी औषधाचं मलम लावतात, ते लावल्यावर असं नोका करू बाप्पा!" मनीषानं पाहिलंच.

पाण्यासारखाच होता, कुंदा. नुसतं पाणी, त्यात कुठं तरी लांब गोडीचा भास. हेच पुढं रस होणार, त्या खोलीत बरणीत बोलणार, अंगात ताप भरल्यासारखं गरम होणार. इतकं सगळं या एका थेंबात कसं मावतं? तू असतीस तर सांगितलं असतंस, आणि सांगूनही तुझा चेहरा पुन्हा पहिल्यांदा पाहिल्यासारखा झाला असता.

तर हे मी चाखलं. तुझी पोरं बनवतात ते नाही, एवढं लक्षात ठेव. आपला वाद आहे तिथंच आहे. द्राक्षं माघ-फाल्गुनात पिकतील. मग पाहू.